शिंपल्यांचा जाणकार

१७६१ सालच्या जुलै महिन्यातील गोष्ट. जर्मनीतील फेलिंगहाउझेन या गावाजवळ फ्रेंच सैन्याची छावणी पडली होती. लढाई एका दिवसावर येऊन ठेपली होती. अशा वेळी एका थकल्या घोड्यावर बसून एक किरकोळ बांध्याचा मुलगा छावणीत दाखल झाला. गावाकडच्या ओळखीतून मिळालेले शिफारसपत्र त्याने पलटणीच्या प्रमुखापुढे ठेवले. प्रमुखाने त्याच्याकडे नखशिखान्त पाहिले. मुलाला सतरावे वर्षही अजून पुरे व्हायचे होते. हा असला पाहुणा ऐन लढाईच्या तोंडावर कशाला आला, असेच त्या अधिकाऱ्याला वाटले असले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी तोफा धडाडू लागल्या. मुलगा ज्या तुकडीत जाऊन उभा राहिला होता, ती शत्रूच्या माऱ्यात नेमकी सापडली. एकामागून एक सर्व अधिकारी पडले. फ्रेंच सैन्य मागे हटले, परंतु त्या गडबडीत या तुकडीला माघारीचा हुकूम देण्याचे कोणाच्या ध्यानातच राहिले नाही. अवघे चौदा शिपाई उरले. जुन्या शिपायांनी मुलाला माघार घेण्याचा सल्ला दिला. पण हुकूम नसताना जागा सोडावयाची नाही, असे म्हणून तो तेथेच ठाण मांडून राहिला. अखेर मोठ्या प्रयासाने निरोप पोहोचला, तेव्हाच तो हलला. या धैर्याबद्दल त्याला रणांगणावरच अधिकारपद मिळाले.

हा मुलगा म्हणजेच झाँ बातिस्त लामार्क. त्याची कीर्ती पुढे झाली, ती मात्र तलवारीमुळे नव्हे. शिंपले, शंख, किडे आणि गांडुळे यांच्या अभ्यासात त्याने आपले आयुष्य वेचले. नेमलेली जागा न सोडण्याचा त्याचा स्वभाव तेवढा तेथेही कायम राहिला.

लामार्कचा जन्म १ ऑगस्ट १७४४ रोजी उत्तर फ्रान्समधील पिकार्डी प्रांतात, बाझांतँ या खेड्यात झाला. घराणे सरदाराचे, परंतु वैभव ओसरलेले. अकरा भावंडांत तो शेवटचा. थोरल्या भावांनी सैन्यात नोकऱ्या धरल्या होत्या. धाकट्याने धर्मोपदेशक व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. म्हणून त्याला आमिएँ येथील पाठशाळेत घालण्यात आले. मुलाचे मन तेथे रमेना. वडिलांचे निधन होताच त्याने पाठशाळेला रामराम ठोकला, एक घोडा विकत घेतला आणि थेट युद्धभूमीची वाट धरली.

सैनिकी जीवन त्याला फार काळ लाभले नाही. युद्धानंतर तो भूमध्य समुद्राकाठच्या मोनाको येथील ठाण्यावर असताना एका सोबत्याने थट्टेने त्याचे डोके धरून त्याला वर उचलले. तेवढ्या थट्टेने मानेतील ग्रंथींना कायमची इजा झाली. उपचारासाठी पॅरिसला जावे लागले, शस्त्रक्रिया झाली, मानेवर खोल व्रण राहिले आणि नोकरी संपली. वर्षाला चारशे फ्रँकांच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर पॅरिसमध्ये राहणे सोपे नव्हते. तो एका उंच माडीवरच्या खोलीत राहू लागला. खिडकीतून दिसत ते केवळ ढग. तेव्हा तो ढगांचेच निरीक्षण करू लागला. पोटासाठी पेढीवर कारकुनी केली, काही काळ वैद्यकाचा अभ्यास केला. मोनाकोच्या खडकाळ किनाऱ्यावर मात्र त्याला एक छंद जडला होता, तो वनस्पतींचा. हाच छंद अखेर त्याला शास्त्राकडे घेऊन गेला.

१७७८ साली लामार्कने फ्रान्समधील वनस्पतींवर तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. अनोळखी झाड ओळखावयाचे कसे, यासाठी त्यात त्याने एक सोपी युक्ती योजली होती. दर टप्प्याला दोनच पर्याय पुढे ठेवावयाचे, झाडाला लागू पडेल तो घ्यावयाचा आणि पुढच्या टप्प्यावर जावयाचे. असे करता करता वाचक त्या वनस्पतीच्या नावापाशी येऊन पोहोचतो. थोर निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ याच्या साहाय्याने हा ग्रंथ सरकारी छापखान्यात छापला गेला आणि पुढच्याच वर्षी लामार्कला विज्ञान अकादमीत स्थान मिळाले. तथापि मानाबरोबर पैसा आला नाही. राजाच्या उद्यानात वनस्पतिसंग्रहाचा रक्षक म्हणून त्याला मिळालेली जागाही अल्प वेतनाची होती.

पुढे फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. १७९३ साली राजाच्या उद्यानाचे रूपांतर राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात झाले व तेथे बारा प्राध्यापकांच्या जागा निर्माण करण्यात आल्या. वनस्पतींच्या जागा इतरांकडे गेल्या. सस्तन प्राणी व पक्षी यांचा विभाग जोफ्रॉय सँ-इलेर या एकवीस वर्षांच्या तरुणाला मिळाला. उरला तो कीटक, कृमी आणि सूक्ष्म प्राणी यांचा विभाग. तो पत्करण्यास कोणी उत्सुक नव्हते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो देण्यात आला आणि त्याने तो घेतला. ज्या वयात इतर विद्वान आपल्या जुन्या ज्ञानावर निर्वाह करू लागतात, त्या वयात लामार्क पहिल्या पाठापासून नवे शास्त्र शिकू लागला.

या विभागाची अवस्था त्या काळी अडगळीच्या खोलीसारखी होती. स्वीडनचा महान शास्त्रज्ञ लिनीअस याने सर्व सजीवांची वर्गवारी केली होती, हे खरे. परंतु कीटक सोडून बाकीचे कणाहीन प्राणी त्याने कृमी या एकाच वर्गात घातले होते. गांडूळ, गोगलगाय, तारामासा, कालव, सारे एकाच पोत्यात! लामार्कने पोते उघडले आणि एकेक प्राणी बाहेर काढून त्याला त्याच्या जागी ठेवण्यास आरंभ केला. पाठीचा कणा नसलेले ते अपृष्ठवंशीय, ही आज प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असलेली संज्ञा त्याच्याच लेखणीतून रूढ झाली. कोळी आणि विंचू यांना त्याने कीटकांपासून वेगळे केले, खेकडे व कोळंबी यांचा निराळा वर्ग मानला. समुद्रातील खडकांना चिकटणारे, कवचामुळे शिंपल्यांत गणले गेलेले कायटे नावाचे प्राणीही त्याने शिंपल्यांतून बाहेर काढले, आणि ते योग्यच होते.

परंतु त्याचे मन विशेष रमले ते शिंपल्यांत. वनस्पतींच्या काळातही तो शंख-शिंपले जमवीत असे. ब्रुग्यिएर नावाचा शिंपल्यांचा एक उत्तम जाणकार त्याचा मित्र होता. हा मित्र १७९२ साली पूर्वेकडील देशांच्या प्रवासाला निघाला आणि परतीच्या वाटेवर १७९८ साली इटलीत वारला. त्याचे अर्धे राहिलेले कार्य लामार्कच्या अंगावर आले.

शिंपले गोळा करण्याचा शौक त्या वेळी युरोपातील धनिकांत फार होता. रंगीत, नक्षीदार शिंपल्यांना मोठी किंमत येई. काचेच्या कपाटांत ते रंगांच्या व आकारांच्या जुळणीने मांडले जात. ती मांडणी डोळ्यांना सुखवी, पण तिच्यातून ज्ञान काही मिळत नसे. लिनीअसने याहून पुष्कळ पुढे जाऊन शिंपल्याच्या बिजागरीकडे लक्ष दिले होते. लामार्कने आणखी एक पाऊल टाकले. त्याने शिंपला पालथा न पाहता उताणा करून पाहिला. रिकामे घर पाहून त्यात राहून गेलेल्या बिऱ्हाडाची चौकशी करावी, तसा तो प्रत्येक शिंपल्याच्या आत डोकावू लागला.

आत काय दिसते, हे कोकणच्या खाड्यांत सापडणाऱ्या तिसऱ्यांवरूनही पाहता येईल. तिसरीची दोन पुटे असतात, एक उजवे व एक डावे. पाठीकडच्या कडेला ती एकमेकांना जोडलेली असतात. त्या ठिकाणी एका पुटावर दातांसारखे उंचवटे असतात आणि दुसऱ्यावर त्यांना बरोबर बसतील अशा खाचा असतात. ही बिजागरी. हिच्यामुळे पुटे उघडताना व मिटताना इकडेतिकडे सरकत नाहीत. बिजागरीजवळच तपकिरी रंगाचा एक चिवट बंध असतो. त्याचे काम मोठे मौजेचे आहे. दाबून धरलेल्या कमानीप्रमाणे तो दोन्ही पुटांना सतत उघडण्याच्या खटपटीत असतो. म्हणजे शिंपला उघडण्यास प्राण्याला श्रम पडत नाहीत. श्रम पडतात ते मिटून राहण्यासाठी. हे काम आतील मांसल स्नायू करतात. ते एका पुटापासून दुसऱ्या पुटापर्यंत आडवे गेलेले असतात आणि आखडले म्हणजे शिंपला घट्ट मिटतो. प्राणी मेला की स्नायू सैल पडतात आणि बंधाला प्रतिकार उरत नाही. म्हणूनच उकळत्या पाण्यात पडताच तिसऱ्या आ वासतात.

प्राणी नाहीसा होतो, त्याचे मांस कुजून जाते. परंतु हे स्नायू जेथे चिकटलेले असतात, तेथे पुटाच्या आतल्या बाजूस गोलसर ठसे राहून जातात. तिसरीच्या पुटात असे दोन ठसे दिसतात, एक पुढे व एक मागे. त्या दोहोंना जोडणारी एक पुसट रेषाही असते. प्राण्याच्या अंगाभोवती प्रावार नावाचे मऊ आवरण असते आणि तेच शिंपला घडविते. त्या प्रावाराची कड पुटाला जेथे चिकटते, त्या जागेची ही खूण होय. ही रेषा मागील बाजूस आत वळलेली असली, तर त्या प्राण्याला पाणी आत-बाहेर नेणाऱ्या नळ्या होत्या आणि तो वाळूत किंवा चिखलात रुतून राहत होता, असे समजावे. खडकाला चिकटणाऱ्या कालवाचे पुट हाती घेतले, तर मात्र निराळाच देखावा दिसतो. तेथे दोन ठशांऐवजी एकच मोठा ठसा आढळतो, तोही जवळजवळ मध्यावर.

या ठशांवर लामार्कने आपल्या वर्गवारीचा पाया घातला. दोन पुटांच्या प्राण्यांचा त्याने एक स्वतंत्र वर्ग मानला आणि त्याचे दोन गण केले. ज्यांना दोन स्नायू, ते द्विस्नायू. ज्यांना एकच, ते एकस्नायू. द्विस्नायूंची पुढील विभागणी त्याने प्राण्याच्या पायावरून केली, कारण या प्राण्यांना वाळूत शिरण्यासाठी जिभेसारखा एक मांसल पाय असतो व तो कोणाचा जाड, कोणाचा बारीक, तर कोणाचा पानासारखा चपटा असतो. एकस्नायूंची विभागणी बंधाच्या जागेवरून केली. लिनीअसने एकाच नावाखाली कोंबलेले कितीतरी शिंपले असे आपापल्या कुळात जाऊन बसले. गोड्या पाण्यातील शिंपले समुद्रातील शिनाण्यांपासून वेगळे झाले. तिसऱ्यांपैकी काही जाती ज्या वंशात मोडतात, त्या वंशाला लामार्कनेच १७९९ साली मेरेट्रिक्स हे नाव दिले. पुढे त्याने स्वतःच ते बदलून पाहिले. परंतु आधी दिलेले नाव टिकावे, असा शास्त्राचा दंडक असल्यामुळे मेरेट्रिक्स हेच आजही चालते.

पॅरिसच्या परिसरातील चुनखडीत पुरातन शिंपल्यांचे थरच्या थर आहेत. व्हर्सायजवळच्या ग्रिन्याँ या ठिकाणची खाण तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. समुद्रापासून इतक्या दूर समुद्राचे शिंपले! लामार्कने १८०२ सालापासून त्यांचे वर्णन प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. खाणीतील प्रत्येक शिंपला तो आजच्या समुद्रातील शिंपल्याशेजारी ठेवून पाही. काही हुबेहूब मिळत, काही थोडे वेगळे असत, काहींना जोडच सापडत नसे. त्याच्या संग्रहालयातील तरुण सहकारी क्यूव्हिए याचे मत असे की, जुने प्राणी मोठ्या उत्पातांत नष्ट झाले. लामार्कला हे पटेना. एका शिंपल्यापासून दुसऱ्यापर्यंत इतक्या बारीक पायऱ्या दिसत असता मधेच सर्व संपले कसे म्हणावे? प्राणी नष्ट झाले नाहीत, ते दीर्घ काळात हळूहळू बदलत गेले, असा निष्कर्ष त्याने काढला. १८०० साली त्याने हा विचार प्रथम आपल्या विद्यार्थ्यांपुढे मांडला आणि १८०९ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. चार्ल्स डार्विन त्याच वर्षी जन्मास आला, हा योगायोग ध्यानात राहण्यासारखा आहे.

हा बदल कसा घडतो, याचे लामार्कने दिलेले उत्तर मात्र चुकले. वापराने अवयव वाढतो, न वापरल्याने झडतो आणि आयुष्यात मिळविलेला असा बदल संततीत उतरतो, असे तो मानी. पुढील संशोधनाने हे खोटे ठरले. पुष्कळ जाती समूळ नष्ट झाल्या, हे क्यूव्हिएचे म्हणणेही खरे निघाले. तरी जीवसृष्टी स्थिर नाही, ती बदलत आली आहे, ही मूळ गोष्ट लामार्कने त्या काळात निर्भयपणे सांगितली, आणि ती त्याला दिसली ती मुख्यतः शिंपल्यांत.

त्याच्या वाट्याला उपहास आला. १८०९ सालचा तो ग्रंथ घेऊन तो सम्राट नेपोलियनच्या भेटीस गेला होता. लामार्क हवामानाविषयी दरसाल एक पंचांगवजा पुस्तक काढीत असे आणि त्यातील भाकिते बहुधा फसत. नेपोलियनला वाटले, हे त्याचेच नवे पुस्तक. त्याने ते उघडूनही न पाहता वृद्ध शास्त्रज्ञाची सर्वांसमक्ष निर्भर्त्सना केली. हा प्राणिशास्त्रावरील ग्रंथ आहे, एवढे सांगण्याचाही अवसर लामार्कला मिळाला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. तेथे उपस्थित असलेल्या आरागो या शास्त्रज्ञाने हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

त्या डोळ्यांची शक्तीही आता क्षीण होत चालली होती. १८१५ साली लामार्कने अपृष्ठवंशीय प्राण्यांवरील आपल्या महाग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. एकूण सात खंड व्हावयाचे होते. दोन पुटांच्या शिंपल्यांचे प्रकरण पाचव्या खंडाच्या अखेरीस सुरू होते. तो खंड १८१८ साली बाहेर पडला. त्याच वर्षी लामार्क पूर्णपणे आंधळा झाला. ठशांतील सूक्ष्म भेद टिपण्यात ज्याने पंचवीस वर्षे घालविली, त्याला ऐन शिंपल्यांच्या प्रकरणातच दिसेनासे झाले! वय चौऱ्याहत्तर, घरात दारिद्र्य, निम्मे लिखाण बाकी. काम येथेच थांबले असते, तर त्याला कोणी बोल लावला नसता.

परंतु ते थांबले नाही. लामार्क स्मरणातून सांगे आणि थोरली मुलगी लिहून घेई. कोठे व्हालांसिएन्न या तरुण शास्त्रज्ञाने साहाय्य केले. १८१९ साली सहाव्या खंडाचा पूर्वार्ध निघाला. त्यात शिंपल्यांचे प्रकरण पुरे झाले. १८२२ साली सातवा खंड प्रसिद्ध झाला. पुढे बाप घराबाहेर पडेनासा झाला, तशी मुलगीही पडेनाशी झाली. बऱ्याच दिवसांनी ती प्रथमच बाहेर गेली, तेव्हा मोकळी हवा तिला सोसली नाही, असे सांगतात.

१८ डिसेंबर १८२९ रोजी लामार्क मरण पावला. अंत्यविधीच्या खर्चासाठी कुटुंबाला अकादमीकडे मदत मागावी लागली. पॅरिसमधील माँपार्नास स्मशानभूमीत त्याचे दफन झाले. पण ती जागा ठराविक मुदतीची होती. मुदत संपल्यावर अस्थी काढल्या गेल्या आणि त्याची कबर आज कोठेही दाखविता येत नाही. ग्रंथ लिलावात गेले. ज्या संग्रहालयात पित्याने छत्तीस वर्षे सेवा केली, तेथेच त्याची एक मुलगी पुढे वाळलेल्या वनस्पती कागदावर चिकटविण्याचे काम अल्प मजुरीवर करीत असे. क्यूव्हिएने लिहिलेला मृत्युलेख १८३२ साली अकादमीत वाचला गेला. त्यात लामार्कच्या शिंपल्यांवरील कार्याची स्तुती आहे आणि त्याच्या विचारांची थट्टाही आहे. थोरल्या मुलीच्या पितृसेवेची हकीकत मात्र त्याच लेखाने आपल्यापर्यंत आणून पोहोचविली, हेही नमूद केले पाहिजे.

शिंपल्यांची त्याने केलेली वाटणी जशीच्या तशी टिकली नाही. शिनाण्यांना त्याने एकस्नायूंत घातले होते. पण त्यांना पुढील बाजूस दुसरा एक लहानसा स्नायू असतो. बाहेरून दोन पुटांचे दिसणारे, पण निराळ्याच जातीचे काही प्राणीही त्याच्या वर्गात शिरले होते. ते नंतरच्यांनी बाहेर काढले. आज शिंपल्यांची वर्गवारी करताना कल्ले, शिंपल्याची घडण आणि पेशींतील आनुवंशिक द्रव्य या सर्वांचा विचार केला जातो. कालवासंबंधी एक गोष्ट मागाहून उघड झाली. कालवाचे पिल्लू पाण्यात तरंगत असते, तेव्हा त्याला दोन स्नायू असतात. ते खडकाला चिकटून वाढू लागले म्हणजे पुढचा स्नायू नाहीसा होतो आणि मागचा मोठा होऊन मध्याकडे सरकतो. एकस्नायूंचे पूर्वज द्विस्नायू होते, याचा हा पुरावा. बदलाचा सिद्धान्त मांडणाऱ्या लामार्कच्या हाताखालून असंख्य कालवे गेली, पण ही गोष्ट त्याला पाहावयास मिळाली नाही.

१९०९ साली लोकवर्गणीतून पॅरिसच्या त्याच उद्यानात लामार्कचा पुतळा उभारण्यात आला. चौथऱ्यावरील उठावचित्रात आंधळा वृद्ध बसलेला आहे आणि त्याची मुलगी त्याच्याजवळ उभी आहे. त्याचे शिंपले फ्रान्समध्ये राहिले नाहीत. ते विकले गेले, एका धनिकाकडून दुसऱ्याकडे गेले आणि अखेर १८६९ साली स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहराच्या संग्रहालयास मिळाले. लामार्कने नाव दिलेला एखादा शिंपला नेमका कोणता, असा वाद निघाला म्हणजे शास्त्रज्ञ आजही तेथे जाऊन त्याने हाताळलेले पुट उताणे करून पाहतात.